झाडावरून पडलेल्या माणसाला उचलण्यापूर्वी

नारळावरून पडलेल्या तुमच्या काकांना चौघांनी हातापायांना धरून उचलले आणि रिक्षात बसवून नेले, हे वाचून मला माझ्या थोरल्या भावाची आठवण झाली. तो आंबा काढताना फांदी मोडून पडला होता. पुढच्या हंगामाआधी गड्यांना काय शिकवावे, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. भावाची शुश्रूषा करताना आणि नंतर घेतलेल्या प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात जे कळले, तेवढेच लिहितो.

रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा हे तुम्हाला ठाऊक असेलच. मान किंवा पाठ दुखत असेल, मुंग्या येत असतील, पाय हलत नसतील, स्पर्श कळत नसेल, किंवा उंचावरून पडलेला माणूस शुद्धीवर नसेल, तर मणक्याला इजा झाली आहे असेच धरून चालावे. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही तळव्यांनी डोके आहे त्याच स्थितीत स्थिर धरावे. उशी देऊ नये, पाणी पाजू नये, घरात असलेला मानेचा पट्टा (कॉलर) गळ्यात अडकवू नये. उलटी आली, तर डोके धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर तिघाचौघांनी डोके, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून सगळे शरीर एकदमच कुशीवर वळवावे. श्वासच थांबला असेल, तर मात्र मणक्याची काळजी मागे ठेवून छातीवर दाब देणे सुरू करावे.

आमच्या गड्यांनी भावाला रुग्णवाहिका येईपर्यंत जागचे हलू दिले नव्हते आणि तोवर तो दोन्ही पायांचे अंगठे हलवून दाखवत होता. घात झाला तो रुग्णालयात. तिथे आधी केसपेपरची रांग, मग एक्स-रे. आणि टेबलावर घेण्यासाठी एका कर्मचाऱ्याने बगलेत हात घालून त्याला चक्क उठवून बसवले. ‘मान धरा’ असे मी सांगत राहिलो, तर नातेवाइकांनी बाहेर थांबावे असे उत्तर मिळाले. फोटोत हाड मोडलेले दिसत नाही, म्हणून त्याला साध्या खाटेवर ठेवले गेले आणि त्याच्या पायांतली ताकद हळूहळू जात राहिली. एक्स-रे स्वच्छ असूनही मणक्यांच्या आतून जाणाऱ्या मज्जारज्जूला इजा असू शकते आणि ती एमआरआयमध्ये दिसते, हे तिथे कोणी सांगितले नाही. पडल्यामुळे किती बिघडले आणि बसवल्यामुळे किती, हे पुढच्या डॉक्टरांनाही सांगता आले नाही, त्यामुळे मीही तसा दावा करणार नाही. पण तो संताप अजून गेलेला नाही. माझे स्पष्ट मत असे, की रुग्णालयात पोचल्यावर नातेवाइकाने भिडेखातर गप्प बसू नये. ‘मणक्याच्या इजेचा संशय आहे, बसवू नये’ हे केसपेपरवर लिहूनच घ्यावे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. रुग्ण फार न हलवता जमेल तेव्हा त्याचे मागचे खिसे रिकामे करावेत. भावाच्या खिशात चुन्याची डबी राहिली होती. संवेदना गेल्यामुळे ती रुतल्याचे त्याला कळले नाही, आणि तिथे झालेला बेडसोअर, म्हणजे सतत दाब पडून झालेली जखम, भरायला कित्येक महिने लागले.

गड्यांना हे नुसते तोंडी सांगून भागणार नाही. काढणी सुरू होण्याआधी एकाला अंगणात निजवून वळवण्याचा सराव करून घ्या, आणि डोके कोणी धरायचे व इशारा कोणी द्यायचा, तेही तेव्हाच ठरवा.