अपघातातली बाइक, लोन बाकी, केस चालू: रिपेअर करू की पार्ट काढून विकू?

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. अडीच वर्षांची 350 सीसी बाइक, वळणावर रिक्षाला धडकली, रिक्षावाल्याला मार लागला म्हणून गुन्हा दाखल झाला. फोर्क वाकला, फ्रेम हँडलच्या मुळाशी वाकली, टाकी गेली. वर्कशॉपचं एस्टिमेट 92,000, पॉलिसीत आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, 1,10,000. नुकसान तपासणारा सर्व्हेअर म्हणतो टोटल लॉस, म्हणजे रिपेअर करणं परवडणार नाही, विमा कंपनी म्हणते सॅल्व्हेज, म्हणजे मोडक्या गाडीची किंमत, 35,000 धरून बाकी पैसे घ्या आणि सांगाडा तुमच्याकडे ठेवा. लोन 48,000 बाकी. मित्र म्हणतो इंजिन, चाकं, ब्रेक असेंब्ली, सायलेन्सर, मीटर वेगवेगळं विकलं तर 55,000 सहज येतील. आणि एक भंगारवाला आहे, तो म्हणतो आरसीसकट द्या, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करा, बाकी मी बघतो.

तुम्ही हिशोबाचं विचारलंय पण पत्रातल्या दोन वाक्यांवर मी अडकलो. एक, "गाडी कोर्टातून सोडवून आणली". दुसरं, "ब्रेक दाबला तर लागलाच नाही, आणि पंधरा दिवसांपूर्वीच सर्व्हिसिंग केलं होतं". ही दोन वाक्यं आधी, हिशोब नंतर.

गाडी सोडवताना तुम्ही सुपुर्तनाम्यावर, म्हणजे गाडी सांभाळायला ताब्यात घेतल्याच्या हमीपत्रावर, सही केलीय. तो कागद घरी कुठेतरी असेल, आज काढा आणि नीट वाचा. त्यात बहुतेक असं लिहिलेलं असतं की गाडी विकणार नाही, तिच्यात बदल करणार नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करीन, आणि त्यासाठी अमुक रकमेचा बाँड. म्हणजे गाडी तुमच्या अंगणात उभी असली तरी आत्ता ती मुद्देमाल, म्हणजे केसमधला पुरावा आहे, तुम्ही फक्त सांभाळताय. इंजिन एका गावात, चाकं दुसऱ्या गावात अशी विकून बसलात आणि उद्या कोर्टाने हजर करा म्हटलं तर बाँडची रक्कम जप्त होऊ शकते, शिवाय पुरावा नाहीसा केला असा आरोप अंगावर येऊ शकतो तो वेगळाच. रिपेअर करणं हासुद्धा बदलच आहे बरं का, वाकलेला फोर्क काढून नवा टाकला की धडक कशी बसली हे सांगणारी वस्तू गेली.

आता ब्रेकचं. तुमच्यावर हयगयीने गाडी चालवल्याचा गुन्हा आहे आणि तुमचं म्हणणं आहे की ब्रेक लागला नाही, तर हे दाखवणारा सगळ्यात मोठा साक्षीदार पुढच्या ब्रेकचे पार्ट, म्हणजे कॅलिपर, होज आणि मास्टर सिलिंडरच आहेत, आणि मित्राच्या यादीत "ब्रेक असेंब्ली" चक्क विकायला लावलीय. हे वाचून मला खरंच काळजी वाटली. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासली असणार, त्याचा रिपोर्ट पोलिसांच्या कागदात असतो, वकिलामार्फत त्याची कॉपी घ्या आणि ब्रेकबद्दल काय लिहिलंय ते बघा. सर्व्हिसिंगचं बिल आणि जॉब कार्ड जपून ठेवा. ब्रेकची तक्रार जॉब कार्डवर लिहिलेली असेल आणि काम झालं नसेल तर फौजदारी केसमध्ये उपयोग आहेच, शिवाय वर्कशॉपविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, तिथे मुदत दोन वर्षांची आहे. पण दुसरी बाजूपण लक्षात घ्या, ब्रेक ढिला आहे हे माहीत असून गाडी काढली असं निघालं तर मोटार वाहन कायद्याचं कलम 190 तुमच्यावरच येतं. म्हणून ब्रेकबद्दल कुणाला काही लिहून द्यायच्या आधी वकिलाला खरं काय ते सगळं सांगा.

मग गाडी अशीच गंजत ठेवायची का? नाही. सुप्रीम कोर्टाने 2002 साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात हेच सांगितलं की मुद्देमाल वर्षानुवर्षं सडत ठेवू नका, पंचनामा करा, फोटो काढा, बाँड घ्या आणि वस्तू मोकळी करा. त्याचा आधार घेऊन मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, की गाडी टोटल लॉस आहे, सविस्तर पंचनामा आणि फोटो करून विल्हेवाटीची परवानगी द्या. ब्रेकचे पार्ट केस संपेपर्यंत वेगळे सील करून ठेवावेत असंही त्याच अर्जात मागा. परवानगीचा लेखी आदेश हातात येईपर्यंत एक बोल्टसुद्धा खोलू नका.

आता पैशांकडे येतो. रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस धरतात, तुमच्या केसमध्ये ती रेषा 82,500 आहे, म्हणजे सर्व्हेअर बरोबर आहे. टोटल लॉसमध्ये आयडीव्हीवर परत घसारा लावत नाहीत, कंपनी तसं काही बोलली तर मान्य करू नका. कंपल्सरी एक्सेसची, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायची, छोटी रक्कम कापतात तेवढी मी धरत नाही.

सांगाडा तुम्ही ठेवला तर 1,10,000 मधून 35,000 वजा, उरले 75,000. पॉलिसीवर फायनान्स कंपनीचं नाव आहे त्यामुळे त्यातले 48,000 आधी तिकडे जाणार, तुमच्या हातात 27,000. आता यात 92,000 चं रिपेअर म्हणजे 65,000 खिशातून, आणि ते एस्टिमेट गाडी न खोलता दिलेलं आहे, खोलल्यावर ते वाढतंच. त्यात फ्रेम वाकलेली. खेचून सरळ करून देतो म्हणणारे भेटतील, पण हँडलच्या मुळाशी वाकलेली फ्रेम सरळ केलेल्या गाडीवर तुम्ही बसावं असं मला अजिबात वाटत नाही, आणि नवी फ्रेम टाकायची तर चासी नंबर पंच करायला आरटीओची परवानगी लागते. रिपेअर माझ्या मते बाद.

पार्ट विकले तर कागदावर 27,000 अधिक 55,000, म्हणजे 82,000. सांगाडा कंपनीलाच दिला तर 1,10,000 वजा लोन, म्हणजे 62,000. फरक 20,000 चा. पण हे 55,000 मित्राच्या तोंडचे आहेत, आणि त्यातला मोठा वाटा इंजिनाचा. इंजिन नंबर आरसीवर आहे, घेणाऱ्याला ते त्याच्या गाडीत बसवून आरटीओत नोंदवायचं तर तुमचं बिल लागेल, आणि ज्याला बिल नको असतं त्याला ते इंजिन कशाला हवंय याचा विचार करा. फ्रेम तर कुणालाच विकायची नाही. टोटल लॉस गाडीचा चासी नंबर आणि आरसी चोरीच्या गाडीला लावतात हा जुना धंदा आहे, आणि पोलीस पहिल्यांदा तुमच्याच दारात येतात.

भंगारवाल्याला कोऱ्या सह्या देऊच नका. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात गाडी हातोहात दोनतीन जणांकडे गेली होती पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर होती, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी सुप्रीम कोर्टाने त्याच्यावरच टाकली. शिवाय लोन असताना फायनान्स कंपनीच्या लेखी संमतीशिवाय नाव ट्रान्सफर होतच नाही, म्हणजे तो आत्ता आरसीचं काय करणार आहे ते तुम्हीच बघा.

म्हणून माझा सल्ला, 20,000 सोडा. कंपनीला लेखी कळवा की सांगाडा मला नको, पूर्ण आयडीव्हीवर सेटल करा, गाडी कोर्टाच्या आदेशानंतर देईन, आणि आरसी सॅल्व्हेज घेणाऱ्याच्या नावावर होईल किंवा रद्द होईल हे लिहून द्या. लोन फिटलं की फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा लोनचा बोजा उतरवा. आणि एवढं होऊनही पार्टच विकायचे असतील तर कोर्टाच्या आदेशानंतर आधी मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 खाली आरसी रद्द करा, त्या कलमात 14 दिवसांत किंवा लवकरात लवकर कळवा असं आहे, तुमचा उशीर कोर्ट केसमुळे झाला हे अर्जात लिहा, आणि फ्रेम नोंदणीकृत स्क्रॅपिंग सेंटरला देऊन सर्टिफिकेट घ्या. मग बाकीचे पार्ट बिलावर विका, इंजिनाच्या बिलावर नंबर आणि घेणाऱ्याचा ओळखपत्राचा तपशील हवाच.

कंपनी सांगाडा घ्यायला नाही म्हणाली तर 35,000 कोणत्या बोलीवरून धरले ते लेखी मागा. तक्रार आधी कंपनीच्याच तक्रार विभागात करा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. विम्याचे पैसे मिळाल्याच्या पावतीवर, म्हणजे डिस्चार्ज व्हाउचरवर, मात्र "पूर्ण आणि अंतिम" असं असेल तर तोपर्यंत सही करू नका, आणि सुपुर्तनाम्याची कॉपी मला पाठवा, अर्जात कोणती अट शिथिल करून मागायची ते ती वाचल्यावरच सांगता येईल.