'कॅथेड्रल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: इंग्लंडच्या प्रवासावरच्या एका मजकुराचं भाषांतर चाललंय, त्यात एली गावचं कॅथेड्रल आलंय. 'महाचर्च' लिहिलं तर चालेल का? सोबत नमुन्याचं वाक्यही दिलंय: 'एलीच्या महाचर्चच्या नाभीतून चालत गेलं की वर कंदील दिसतो.'

'महाचर्च' नको. कॅथेड्रलचा आकाराशी संबंधच नाही, संबंध आहे खुर्चीशी. ग्रीक 'कथेद्रा' म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचं, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूचं, आसन असतं ते कॅथेड्रल, मग ते केवढंही असो. लंडनचं वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी एवढं अवाढव्य, राजेराण्यांचे राज्याभिषेक तिथे होतात, पण आज ते कॅथेड्रल नाही. सोळाव्या शतकात दहाएक वर्षं होतं, तेवढंच. उलट एलीच्या इमारतीचं काम १०८३ मध्ये सुरू झालं ते मठाचं चर्च म्हणून. ११०९ मध्ये तिथे बिशप नेमला गेला आणि अर्धवट बांधलेली ती इमारत कॅथेड्रल झाली. इंग्लंडमधल्याच सॉल्सबरीत बिशपची गादी जुन्या टेकडीवरून खाली आणायचं ठरलं, १२२० मध्ये नव्या कॅथेड्रलचं काम सुरू झालं. टेकडीवर आज जुन्याचा नुसता पाया दिसतो.

आपल्याकडचंच पाहायचं तर मुंबईच्या फोर्टातलं सेंट थॉमस. याच्यामुळे किल्ल्याच्या वेशीला चर्चगेट म्हणू लागले. १७१८ पासून ते साधं चर्च होतं, १८३७ मध्ये मुंबईला बिशप मिळाला आणि ते कॅथेड्रल झालं.

म्हणजे मराठीत अर्थाने सगळ्यात जवळचा शब्द 'पीठ'. शंकराचार्यांचं पीठ म्हणतो तेच. जुन्या गोव्यातलं 'से कॅथेड्रल' घ्या. पोर्तुगीज 'से' हा लॅटिन 'सेदेस'वरून आला, त्याचाही अर्थ आसनच. तेव्हा 'से कॅथेड्रल' ही आपल्या पावरोटीसारखी (पोर्तुगीजमध्ये पाव म्हणजे रोटीच) द्विरुक्ती झाली. गंमत म्हणजे 'सेदेस', 'कथेद्रा'तला 'हेद्रा' आणि आपला 'सद्' धातू (सदन, संसद, परिषद) ही एकाच मुळाची पिल्लं आहेत. इंग्रजी 'चेअर' तर थेट 'कथेद्रा'चंच झिजलेलं रूप.

तरीही 'पीठचर्च' वगैरे घडवू नका, वाचकाला गिरणी आठवेल. 'कॅथेड्रल' मराठीत रुळलेला आहे. तोच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'बिशपचं पीठ असलेलं चर्च' एवढं जोडा.

आता ती 'नाभी'. हे बहुतेक कोशातून आलं असावं आणि चूक मोठी मजेदार आहे. इंग्रजीत 'नेव्ह' दोन आहेत. एक चाकाचा तुंबा, म्हणजे आरे जिथे बसवतात तो मधला भाग. तो खरोखरच 'नाभि'चा भाऊबंद. चर्चमधला 'नेव्ह' वेगळा, तो लॅटिन 'नाविस'वरून, म्हणजे जहाज. आपली नाव, नौका त्याच कुळातल्या. एलीच्या बाबतीत हे फारच चपखल बसतं, कारण भोवतीच्या सपाट दलदलीच्या मुलखात ती इमारत मैलोन् मैल दिसते आणि लोक तिला 'दलदलीतलं जहाज' म्हणतात. पण 'चर्चच्या नावेत' लिहून भागणार नाही. मी 'सभामंडप' लिहीन. देवळाचा वास येतो हे खरं, पण लोक जमतात ती मधली जागा हे लगेच कळतं. फक्त हा मंडप सुमारे ७५ मीटर लांब आहे, हे सांगून टाका.

राहिला कंदील. 'लँटर्न'चा शब्दशः अर्थ तोच, पण इथे तो म्हणजे छतावरचा, चहूबाजूंनी खिडक्या असलेला उजेडाचा मनोरा. फेब्रुवारी १३२२ मध्ये एलीचा मधला मनोरा कोसळला. मठातल्या अ‍ॅलन ऑफ वॉल्सिंगहॅमने चार खांबांवर पुन्हा तसाच मनोरा चढवला नाही. मधली जागा रुंद करून त्याने आठ खांबांचा दगडी अष्टकोन उभारला. तो इतका रुंद झाला की वर दगडी छत पेलेना, म्हणून विल्यम हर्ली या सुताराने लाकडाचा मनोरा बसवला. त्याचे ओकचे आठ वासे प्रत्येकी सुमारे १९ मीटरचे. वासे म्हणणंही थट्टाच, अख्खी झाडंच ती! खालून पाहिलं तर मनोरा अधांतरी लटकल्यासारखा दिसतो, कारण त्याला तोलणारी तिरकी लाकडं लाकडी छताआड दडलेली आहेत. 'उजेडाचा मनोरा' किंवा 'झरोक्यांचा मनोरा', दोन्ही चालतील. कंदील म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे दिवाळीच येते.

तर वाक्य असं करा: 'एली कॅथेड्रलच्या लांबलचक सभामंडपातून चालत अष्टकोनाखाली या आणि मान वर करा.'