माडावरचं ते पिल्लू खाली काढू नका

माडावरच्या घरट्यात कावळीण कोकिळेचं पिल्लू भरवतेय, ते काढून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात कालवलं. देवगडला मी हाच गाढवपणा केला होता.

युरोपातल्या कोकिळेचा व्हिडिओ पाहिला होता. त्यात उघडंबोडकं पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलतं. आपलंही तसंच करणार, असं धरून चाललो आणि नारळ पाडायला आलेल्या गड्याकरवी पिल्लू उतरवलं. मग एका कार्यालयाला फोन. "हा भाग आमच्याकडे येत नाही." दुसऱ्या नंबरावर "साहेब मीटिंगला", तिसऱ्या दिवशी "लेखी अर्ज द्या". पिल्लू खोक्यात आ वासून बसलेलं आणि यांना अर्ज हवा! तोवर मी मायेनं दूध-पाव भरवत होतो, पक्ष्यांना दूध पचत नाही हे ठाऊक नसताना. कावळीण दोन दिवस पडवीच्या पन्हळीवर चोचीत पालीचं शेपूट धरून बसायची. मी हलेना, म्हणून ती उतरेना. चौथ्या सकाळी खोकं गप्प.

मी काही पक्षितज्ज्ञ नाही, चुकलं तर सांगा. पण आपल्या कोकिळेचं पिल्लू सहसा कुणाला ढकलत नाही. अंडं १२ ते १४ दिवसांत फुटतं, कावळ्याचं १६-१७ दिवसांनी. म्हणजे हे आधी बाहेर येऊन घास जास्त लाटतं, तरी कावळ्याचं एखाददुसरं पिल्लू वाढतंच. कावळा मूर्ख म्हणून फसतो, हे मला पटत नाही. परकं समजून स्वतःचंच अंडं फेकलं तर तोटा मोठा, असा हिशोब असावा.

आणि हा डाव मुलखागणिक बदलतो. चातक आपल्याकडे सातभाईच्या घरट्यात त्याच्यासारखंच निळं अंडं घालतो. तोच चातक दक्षिण आफ्रिकेत बुलबुलाच्या ठिपकेदार अंड्यांत चक्क पांढरं अंडं ठेवतो. तेव्हा तिकडचं पाहून इकडे हात घालू नका.

पिल्लू खाली पडलंच, तर मांजर पोचणार नाही अशा सावलीतल्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. पाणी, दूध काही पाजू नका. जखमी असेल तर गोष्ट वेगळी, मग पक्ष्यांचं कळणारा डॉक्टर गाठा. घरी पाळायचं तर मनातही आणू नका, कायद्यानं गुन्हा आहे.

माडाखाली जाताना छत्री उघडून जा. भर मे महिन्यात शेजारी हसतील, हसू देत. कावळे मागून येऊन टाळक्यावरच मारतात.