पोस्टडॉकची जागा निवडताना

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदासाठी, युरोपातील नामवंत गट आणि आपल्याकडची नवी प्रयोगशाळा, यांपैकी कोणती जागा मोठी, असे तू विचारले आहेस. दोन वर्षांनंतर तुझ्या हाताला असे कोणते काम येत असेल, जे आज येत नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

भौतिकशास्त्राचे २०२५ चे नोबेल ज्या प्रयोगांना मिळाले, ते १९८४-८५ च्या सुमारास बर्कलीत झाले. जॉन क्लार्क तेव्हा प्राध्यापक होते, जॉन मार्टिनिस पीएच.डी. करत होते आणि मिशेल देवोरे पॅरिसहून आलेले पोस्टडॉक होते. जोसेफसन संधीतील (दोन अतिसंवाहकांमध्ये, म्हणजे विद्युतरोध नसलेल्या पदार्थांमध्ये, पातळ रोधक थर असलेली जोडणी) पुंज-सुरंगन, म्हणजे ऊर्जेचा अडथळा न ओलांडता त्यातून आरपार जाणे, दाखवायचे, तर बाहेरून तारांमधून शिरणारा सूक्ष्म गोंगाट आधी अडवावा लागतो. त्यासाठी या तिघांनी तांब्याची पूड भरलेले फिल्टर तयार केले, आणि तसे फिल्टर अतिसंवाहक क्यूबिटच्या (क्वांटम संगणकाचा मूलभूत घटक) प्रयोगशाळांत आजही वापरले जातात. फ्रान्सला परतल्यावर देवोरे यांनी सहकाऱ्यांसह पॅरिसजवळच्या सॅक्लेत स्वतःचा गट उभा केला, तो मला या शिदोरीशिवाय कल्पिता येत नाही. पोस्टडॉकमधून असे काहीतरी सोबत घेऊन निघता आले पाहिजे.

म्हणून दोन्ही ठिकाणी विचार, की डायल्यूशन रेफ्रिजरेटर (हेलियमच्या साह्याने निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करणारे यंत्र) आज चालू आहे का आणि त्यातला किती वेळ तुझ्या वाट्याला येईल. माझ्या पहिल्या पोस्टडॉकचे जवळजवळ वर्ष हेलियमची एक गळती शोधण्यात गेले. त्यातून निर्वात तंत्र पक्के शिकायला मिळाले हे खरे. परंतु पुढच्या नोकरीचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा दाखवण्याजोगे एकही मापन हाती नव्हते, आणि ती रुखरुख अजून गेलेली नाही.

भारतातील जागेला केवळ ती भारतात आहे म्हणून नाकारू नकोस. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०३०-३१ पर्यंतसाठी ६,००३.६५ कोटी रुपये मिळाले आहेत. संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे, आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) अतिसंवाहक क्यूबिटवर कित्येक वर्षे काम चालू आहे. मात्र मंजूर झालेला निधी आणि दहा मिलिकेल्विनपर्यंत थंड झालेले यंत्र यांच्यामध्ये खरेदीच्या निविदा, आयात आणि उभारणी असते. तो काळ तुझ्या दोन वर्षांतून वजा होणार असेल, तर तिसऱ्या वर्षाचे आश्वासन आधीच लेखी माग.

युरोपला जायचे ठरल्यास युरोपीय संघाच्या मारी क्युरी पाठ्यवृत्तीचा अर्ज तिकडे स्थायिक होण्याआधीच कर, कारण अंतिम तारखेपूर्वीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्यांना ती मिळत नाही.

दोन्ही गटांतून अलीकडे बाहेर पडलेल्या किमान एकेकाशी या आठवड्यात फोनवर बोल, आणि ते सध्या कोठे काम करतात, हे मला कळव. त्यानंतर आपण पुन्हा बोलू.

तुझे हित चिंतणारा