प्रार्थनेत मन लागत नाही, म्हणजे श्रद्धा आटली का?

"रोझरीची जपमाळ हातात असते, ओठ हलत असतात, पण आत काहीच होत नाही." वसईकडच्या ख्रिस्ती घरांतल्या बायकांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. त्यामागची भीती एकच असते: देवाने मला टाकलं का? त्यातल्या एकीची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पन्नाशीच्या बाई. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं त्याच करतात. मन लागेना म्हणून त्यांनी एका रोझरीच्या दोन केल्या, दोनाच्या तीन. पहाटे साडेचारचा गजर लावला. दमणूक वाढली तसं मन आणखी पळू लागलं. मग चार दिवस सगळंच बंद, आणि वर अपराधीपणा. कोरडेपणावर उपाय म्हणून प्रार्थना वाढवली की बहुतेकदा हेच होतं.

"संतांना असं होत नसेल," त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरात अविलाच्या संत तेरेझाची तसबीर होती, म्हणून मी तिचंच सांगितलं. जन्म १५१५, स्पेन. विशीत कार्मेल मठात गेली, लवकरच मरणाच्या दारातून परतली. पुढे कित्येक वर्षं प्रार्थना कोरडीच. हातात पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचं तिला धाडस होत नसे. आत्मचरित्रात तिने स्वतः लिहिलंय की लक्ष घड्याळाच्या टोल्यांकडे असे, तास कधी संपतोय याकडे. याच तेरेझाला १९७० साली चर्चने धर्मपंडित ही पदवी दिली. स्त्रियांमध्ये ती पहिली.

"घड्याळाकडे?" बाई पहिल्यांदाच हसल्या.

मग प्रार्थनेसाठी तिने दिलेली बागेची उपमा सांगितली. तेरेझा म्हणते, बागेला पाणी चार तऱ्हांनी मिळतं: विहिरीतून पोहऱ्याने ओढून, रहाटाने, नदीच्या पाटाने, नाहीतर पावसाने. कष्ट कमी होत जातात, देवाचा हात वाढत जातो. वाडीत वाढलेल्या बाईंना रहाट समजावून सांगावा लागला नाही.

"आणि पोहरा रिकामाच वर आला तर?" मी विचारलं.

"झाडं वाळणार."

"तेरेझा तसं म्हणत नाही. पाणी म्हणजे डोळ्यांतलं पाणी, मनातला उमाळा. फुलं म्हणजे सद्गुण. माळ्याने पोहरा सोडत राहावा, पाण्यावाचून बाग जगवणं मालकाकडे. तुमच्या बागेत या वर्षी काय फुललं?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पूर्वी चादर बदलताना सासूबाईंवर चिडायचे. आता चिडत नाही. कधीपासून, ते कळलंच नाही."

या उत्तरापाशी मी त्यांना थांबू दिलं, घाई केली नाही. वागणं आधी बदलतं आणि जाणीव मागून येते, हे मी वर्षानुवर्षं मानत आलेय. त्या दिवशी ते त्यांनी स्वतःच्या तोंडून सांगितलं, याचं मला फार समाधान आहे.

पुढचं साधं होतं. रोझरी एकच. शिवाय रोज ठरल्या वेळी पंधरा मिनिटं, जवळ बायबलमधलं शुभवर्तमान. मन पळालं की चार ओळी वाचायच्या, पुस्तक मिटायचं, प्रभूच्या चित्राकडे नुसतं पाहायचं. कोरड्या दिवशी वेळ वाढवायचा नाही, कमीही करायचा नाही. संपल्यावर "आज कसं वाटलं?" हा प्रश्न बंद, रात्री वहीत एकच ओळ, आज कुणाशी कशी वागले. ही वही बायका टाळतात, पण फुलं दिसतात ती तिथेच.

शरीर थकलं असेल तर बळजबरी नको. कोरडेपणा पुष्कळदा आजारपणातून, हवा बदलल्याने येतो, असं तेरेझाच लिहिते. अशा वेळी प्रार्थनेची वेळ बदला, मोकळ्या हवेत जा, कुणाच्या उपयोगी पडा, हा तिचाच सल्ला. मठातल्या अशक्त सिस्टरांना तर ती नीट जेवायला आणि झोपायला सांगते. बाईंचा साडेचारचा गजर मी याच आधारावर बंद करायला लावला.

मात्र प्रार्थनेतलाच नव्हे, स्वयंपाक, नातवंडं, शेजार, सगळ्यातलाच रस गेला असेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. मग फादरांशी बोलाच, पण मानसोपचारतज्ज्ञांची वेळही त्याच आठवड्यात घ्या. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी.