‘शक्ती मानते, धर्म नाही’

प्रश्न : ऑफिसातली मैत्रीण विपश्यनेला जाते. ‘शक्ती मानते, धर्म नाही,’ म्हणते. चर्चला बोलावलं की विषय बदलते. तिच्याशी ख्रिस्ताबद्दल कसं बोलावं?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : चर्चचं आमंत्रण सध्या बाजूला ठेवा. तिला संस्थेचं वावडं आहे आणि तुम्ही नेमकं तेच दार दाखवताय. आधी विचारा, मौनात तिला काय गवसतं? उत्तर मध्येच तोडू नका. विपश्यनेतली खोट काढलीत तर बोलणं तिथेच संपतं.

मग, तिची हरकत नसेल तर, बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय एकत्र वाचा. 1 ते 26 ओव्या (वचनं), अर्धा तास पुरतो. याकोबाच्या विहिरीवरची शोमरोनी बाई (शोमरोनी म्हणजे यहुद्यांहून वेगळं उपासनास्थान मानणारे लोक) 20व्या ओवीत वाद काढते : उपासना या डोंगरावर, की यरुशलेमात? येशू दोन्ही जागा ओलांडून ‘आत्म्याने व खरेपणाने’ उपासनेकडे नेतो. तुमच्या मैत्रिणीचा प्रश्नही जवळपास हाच. मात्र 26व्या ओवीपाशी घाई नको. तिथे येशू स्वतःला ख्रिस्त म्हणतो. ते झाकूही नका. निराकार शक्ती आणि नावाने हाक मारणारा देव यांतला फरक तिथेच उघड होतो.

‘तारण’, ‘अभिषेक’ असले शब्द तिच्यापुढे टाळा. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांचे अभंग द्या. त्यांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती!

ती ‘नको’ म्हणाली तर थांबा. मैत्री मात्र चालू ठेवा.