लॅपटॉप विकू नका, आणि तो कागद परत द्या

नमस्कार,

सॉफ्टवेअरचा प्रश्न नंतर घेते, आधी तो कागद. तुम्ही सोलापूरहून लिहिलंय की मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, बारावीला 82 टक्के होते, काही वर्षं 'फिनाले' या सॉफ्टवेअरवर स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) लिहून रचना करतो आणि आता ते सॉफ्टवेअरच बंद झालं. त्यावरून हे क्षेत्रच बुडालं असं तुम्ही ठरवलंत. 'दिवाळीपर्यंत संगीतातून कमाई दिसली नाही तर हा नाद सोडेन' असं त्याच्याकडून लिहून, सही करून घेतलंत आणि लॅपटॉप फॉरमॅट करून विकायचं म्हणताय.

एकोणीस वर्षांच्या मुलाला वडिलांसमोर बसून सही नाकारता येते का? नाही येत, आणि हे तुम्हालाही ठाऊक आहे. सी.ए.ला बसणाऱ्या मुलाला आपण चार-पाच वर्षं बिनबोभाट देतो. पहिल्याच दिवाळीला कमाई दाखव, असं त्याला कुणी म्हणत नाही. तुमच्या पत्रात टक्के आहेत, यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, बँकेच्या परीक्षा आहेत, नातेवाइकांची मतं आहेत. मुलाची एकही रचना तुम्ही ऐकल्याचा उल्लेख नाही. तो काय लिहितो, कुणासाठी लिहितो, चांगलं लिहितो की सुमार, यातलं काहीच न कळता निकाल लागलाय. तो कागद त्याला परत द्या. मुदत घालायचीच असेल तर कामाला घाला, पैशाला नको. कोणतं काम, ते शेवटी सांगते.

आता लॅपटॉप. कृपया आत्ता विकू नका. फिनालेची .musx फाइल दुसरी बहुतेक सॉफ्टवेअर थेट उघडत नाहीत, त्यामुळे मशीन गेलं की रचना जवळपास गेल्यातच जमा. फिनाले बनवणाऱ्या मेकम्युझिक कंपनीने ऑगस्ट 2024मध्ये जाहीर केलं की फिनालेची नवी आवृत्ती येणार नाही. म्हणजे उत्पादन थांबलं, कंपनी नव्हे. घेतलेलं फिनाले चालतं, पण विंडोज किंवा मॅक पुढे बदलत गेलं की कधीतरी ते अडणारच. म्हणून आधी प्रत्येक रचनेच्या तीन प्रती काढायला सांगा: मूळ फाइल, पीडीएफ आणि म्युझिकएक्सएमएल (नोटेशनची दुसरी सॉफ्टवेअरही वाचू शकतात अशी फाइल). फिनालेत अख्खा फोल्डर एका दमात म्युझिकएक्सएमएलमध्ये उतरवता येतो. पीडीएफ हवीच, कारण रचना कागदावर मुळात कशी दिसत होती याचा पुरावा तीच. पेन ड्राइव्हवर एक संच, ऑनलाइन एक संच. हे झाल्याशिवाय फॉरमॅटचं नाव काढू नका.

तुमचा मोठा गैरसमज असा की नवं सॉफ्टवेअर म्हणजे शून्यापासून सुरुवात. दुकानाचा हिशेब खतावणीतून टॅलीवर गेला तेव्हा तुमचा धंदा शून्यावर आला नव्हता. जुन्या शिल्लक रकमा एकेक करून ताडाव्या लागल्या, इतकंच. इथेही तेच. एक मात्रेची क्वार्टर नोट फिनालेत 5 आकड्याच्या कळीवर आहे आणि म्यूजस्कोर या नोटेशनच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही 5 वरच. सिबेलियस आणि डोरिको हीही तशीच सॉफ्टवेअर: सिबेलियसमध्ये ती कीपॅडच्या 4 वर जाते, डोरिकोत 6 वर. बोटांचा गोंधळ काही आठवडे होतो, मग संपतो. फिनालेच्या स्पीडी एन्ट्रीत (स्वर झटपट भरायच्या पद्धतीत) मुलगा स्वर आधी आणि लांबी नंतर देत असेल, तर म्यूजस्कोरच्या नेहमीच्या पद्धतीत क्रम उलटा आहे. ती सवय मोडायला जरा जास्त वेळ लागतो. पण ट्रम्पेटला कुठल्या पट्टीत लिहायचं, क्लॅरिनेटवाल्याला श्वास कुठे द्यायचा, हे त्याच्या डोक्यात आहे. ते कुठल्याच कंपनीच्या मालकीचं नाही. संगीतकार इलैयाराजा आजही हाताने कागदावर नोटेशन लिहितात.

फाइली नेताना काय बिघडतं, हे मात्र मुलाला नीट वाचायला द्या. स्वर, लांबी, स्लर (स्वर जोडणारी कमान) बहुधा नीट येतात. पानाची मांडणी येत नाही, ती पुन्हा करायची असंच धरून चालावं. ढोल-ताशासारख्या तालवाद्यांच्या ओळी हमखास चुकतात, कारण कोणती रेघ म्हणजे कोणता आवाज हा तक्ता प्रत्येक सॉफ्टवेअरचा वेगळा. 'हळू' किंवा 'जोरात' असं साध्या मजकुरात लिहिलं असेल तर तिकडे तो नुसता मजकूर राहतो, वाजवताना त्याचा परिणाम होत नाही. ते चिन्ह नव्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या यादीतून पुन्हा लावायचं. ट्रान्स्पोजिंग वाद्यांवर (लिहिलेला आणि ऐकू येणारा स्वर वेगळा असतो अशा वाद्यांवर) खास नजर ठेवायची. बी फ्लॅट ट्रम्पेटचा लिहिलेला स्वर ऐकू येणाऱ्यापेक्षा एक पूर्ण स्वर वर असतो, ई फ्लॅट आल्टो सॅक्सोफोनचा मेजर सिक्स्थ, म्हणजे साडेचार स्वर वर. वाद्याची ओळख चुकली की पार्ट (त्या वादकापुरतं नोटेशन) पडद्यावर सुबक दिसतो आणि तालमीत बेसूर वाजतो. बारची (दोन उभ्या रेघांमधल्या घरांची) संख्या, पुनरावृत्तीची चिन्हं आणि शेवटचं पान पीडीएफशी ताडायचं, सगळ्या रचनांत.

अभंगांच्या समूहगायनाच्या रचना आहेत, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तिथे खरी डोकेदुखी देवनागरीची. फिनालेत युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक अक्षरपद्धत) 2012च्या आवृत्तीपासून आलं. शब्द त्याआधीच्या आवृत्तीत किंवा जुन्या लिपी-फॉन्टमध्ये टाइप केले असतील, तर नव्या सॉफ्टवेअरमध्ये 'विठ्ठल'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. फॉन्ट बदलून तो सुधारत नाही. शब्द बाहेर काढून कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायचे, नाहीतर सरळ नव्याने टाइप करायचे. थोड्या रचना असतील तर दुसरं लवकर होतं. म्यूजस्कोरमध्ये कंट्रोल-एल दाबून शब्द लिहितात. शब्दातलं पुढचं अक्षर घ्यायला हायफन, पुढच्या शब्दाला स्पेस आणि एकच अक्षर अनेक स्वरांवर ओढायचं तर अंडरस्कोर. जोडाक्षर मध्ये तोडू नये: वि-ठ्ठ-ल. 'विठ्' असं पाय मोडून लिहिलं की गायक अडखळतो.

कोणतं घ्यावं? सध्या म्यूजस्कोर स्टुडिओ. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, पुढची दोन वर्षं त्याला पुरेल. एक सापळा सांगून ठेवते: त्याच नावाची नोटेशनच्या संग्रहाची वेबसाइट वर्गणी मागते. ती वर्गणी म्हणजे सॉफ्टवेअरची किंमत नव्हे, भरू नका. डोरिको मला मनापासून आवडतं. सिबेलियसच्याच जुन्या चमूने बांधलेलं, 2016मध्ये आलेलं. मधेच ताल बदलला की ते स्वर नव्या बारांत स्वतः मांडून घेतं. पण महागडी आवृत्ती आज नको, मोफत आवृत्तीत हात बसवून बघायला हरकत नाही. सिबेलियस ज्या स्टुडिओत जुन्या फाइली आहेत तिथे लागेल तेव्हा शिकता येईल. तो दर महिन्याला सॉफ्टवेअर बदलतो असं तुम्ही लिहिलंय, ते मात्र त्याने थांबवावं. त्यात तुम्ही म्हणता तसं अस्थिर मन वगैरे काही नाही, पायाखालची जागा गेल्यावर कुणीही चाचपडतो. पण अर्धवट हलवलेल्या फाइली तीन ठिकाणी पडल्या की खरी प्रत कोणती हेच कळेनासं होतं.

संगीताच्या परीक्षा आणि शिक्षणाचं थोडक्यात: लंडनच्या ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या संस्थांच्या पाश्चात्त्य संगीताच्या थिअरीच्या ग्रेड, गांधर्व महाविद्यालयाची विशारद, पुण्याचं ललित कला केंद्र, चेन्नईचं केएम संगीत महाविद्यालय. सगळे रस्ते बी.कॉम. पूर्ण करूनही खुले राहतात. बँकेच्या परीक्षाही राहतात.

नुसतं नोटेशनचं सॉफ्टवेअर येतं म्हणून नोकरी मिळत नाही, हे मुलालाही सांगायला हवं. जाहिरात आणि चित्रपटाचं बहुतेक काम रीपर, लॉजिक, क्यूबेससारख्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर होतं. नोटेशन लागतं ते माणसं प्रत्यक्ष वाजवतात किंवा गातात तिथे. म्हणून त्याने रीपर सोबत शिकावं आणि म्यूजस्कोरमधून मिडी (स्वरांच्या सूचनांची फाइल) काढून तिकडे नेण्याचा सराव करावा. संगणक वाजवून दाखवतो त्यावर भुलू नये. संगणकाचा ट्रम्पेटवाला दमत नाही.

आता मुदतीचं काम. आषाढीनंतर लग्नसराई थांबते, बँडवाले मोकळे असतात. त्याने एक जुनी रचना म्यूजस्कोरमध्ये नेऊन पाच-सहा वादकांसाठी पार्ट काढावेत. ए-फोर कागद, एका बाजूला छपाई, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचा क्रमांक, पान उलटायच्या जागी विराम. बऱ्याच बँडवाल्यांना स्टाफ नोटेशन वाचता येत नाही. त्यांच्यासाठी तोच पार्ट सारेगममध्येही लिहावा, त्यातही त्याची परीक्षा आहे. छपाईचा आणि वादकांच्या मानधनाचा खर्च तुम्ही करा. तालमीला हजर राहा आणि वादक कुठे थांबून काय विचारतात ते ऐका. रचनेत दम आहे की नाही, ते मार्कांपेक्षा तिथे जास्त कळेल, तुम्हालाही आणि त्यालाही. तालीम सेमिस्टरच्या परीक्षेच्या आठवड्यात मात्र ठेवू नका.